सिंगापूरची रान-आमरे व त्यांचे सर्वेक्षण

सिंगापूरची रान-आमरे व त्यांचे सर्वेक्षण : मलाया द्वीपकल्पाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या सिंगापूर बेटावरील वर्षावनांत वाढणाऱ्या वन्य आमरांची (ऑर्किडांची) शोध-नोंद एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापासून होत आली आहे. हे बेट विषुववृत्ताच्या उत्तरेस सु. १३७ किमी. अंतरावर असून समुद्रात भर घालून त्याचा विस्तार करण्यापूर्वी त्याचे क्षेत्रफळ सु. ५८० चौ. किमी. होते. त्या काळी त्याचा बहुतेक भाग घनदाट वर्षावनाने व किनाऱ्यालगत कच्छवनस्पतींनी व्यापलेला होता. मूळ वनाचा आज अर्धा टक्काही भाग शिल्लक नाही आणि जो आहे तो वस्ती, रस्ते व जलाशय यांनी वेढलेल्या लहान तुकड्यांच्या स्वरूपात आहे. या बेटावरून आतापर्यंत आमरांच्या सु. २२५ देशी जाती नोंदल्या गेल्या असून त्यांपैकी सु. चार-पंचमांश तेथून नाहीशा झाल्या आहेत, असे मानले जाते. इतक्या लहान प्रदेशाची इतका दीर्घ काळ वनस्पतिवैज्ञानिक पाहणी झाल्याची उदाहरणे उष्ण कटिबंधात फार थोडी आहेत. त्यामुळे वनाचे तुकडे पडल्यावर त्यात काय टिकते व काय नष्ट होते, हे समजून घेण्याच्या दृष्टीने सिंगापूरच्या नोंदींना विशेष महत्त्व आहे.

आमरांचे जीवनमान : आमर-कुलात (ऑर्किडेसीत) सु. ७५० प्रजाती व सु. २८,००० जाती असून त्यांपैकी सु. दोन-तृतीयांश जाती अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडांच्या आधाराने वाढणाऱ्या आहेत. खेड्यापाड्यांत अशा वनस्पतींना सरसकट ‘बांडगूळ’ म्हणण्याची चाल आहे; परंतु बांडगूळ आश्रय देणाऱ्या झाडातील रस शोषून घेते, तर अपिवनस्पती आमर त्या झाडाचा केवळ आधार घेते. त्याची लोंबती मुळे हवेतील दमटपणा व सालीवरून ओघळणारे पावसाचे पाणी शोषतात. अनेक जातींत खोडाचा काही भाग फुगून आभासी कंद बनतो व त्यात पाणी साठविले जाते. उरलेल्या जाती जमिनीवर वाढतात. काही थोड्या जातींत हरितद्रव्य नसते आणि त्या वर्षाचा बहुतेक काळ जमिनीखालीच राहतात.

आमरांचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. एका फळात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. परंतु त्यांत पोषक अन्नसाठा जवळजवळ नसतो. विशिष्ट कवकाचा तंतू बीजात शिरला व त्याच्याकडून अन्न मिळू लागले, तरच निसर्गात रोप वाढू लागते. ही गोष्ट नोएल बेर्नार या फ्रेंच वनस्पतिवैज्ञानिकांनी १८९९ मध्ये उघडकीस आणली. आमरांचे परागणही बहुधा ठराविक कीटकांवर अवलंबून असते. याप्रमाणे आधाराचे झाड, हवेतील आर्द्रता, कवक व कीटक या चारही गोष्टी एकत्र जुळून आल्या तरच आमर टिकते. यांपैकी एक जरी तुटली, तरी झाडावरचे जुने आमर काही वर्षे जगते, फुलतेही. पण त्याची पुढची पिढी उगवत नाही. वनाच्या स्थितीतील बदल मोठ्या वृक्षांत दिसू लागण्यापूर्वी आमरांत दिसतो तो यामुळे.

वनाचा ऱ्हास : स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी १८१९ मध्ये सिंगापूर येथे ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे स्थापन केले. १८६७ पर्यंत या वसाहतीचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या अखत्यारीत होता. बंदराची भरभराट होत गेली तसतसे आतील जंगल मिरी व गँबियर यांच्या मळ्यांसाठी तोडले जाऊ लागले. गँबियर हे एक वेलीसारखे झुडूप असून त्याच्या पानांपासून काताप्रमाणे कषायद्रव्य मिळते. ते कातडी कमावण्यासाठी व रंगाईसाठी वापरीत. पाने उकळण्यासाठी मोठ्या प्रमाणावर सरपण लागे व ते भोवतालच्या जंगलातूनच येई. मळ्याची जमीन सु. पंधरा-वीस वर्षांत निकस होत असे. मग मळेवाले ती सोडून नव्या जंगलाकडे वळत. सोडलेल्या जमिनीवर लालांग नावाचे उंच गवत माजे.

इंग्रज निसर्गवैज्ञानिक ॲल्फ्रेड रसेल वॉलिस हे १८५४ मध्ये बेटाच्या मध्यावरील बुकित तिमा या टेकडीच्या परिसरात राहिले होते. सु. दोन महिन्यांत त्यांनी तेथील लहानशा क्षेत्रातून भुंगेऱ्यांच्या सु. ७०० जाती गोळा केल्या. लाकूडतोड्यांनी नव्याने पाडलेल्या झाडांमुळे आपल्याला कीटक सहज सापडले, असे त्यांनी नमूद केले आहे. अपिवनस्पती गोळा करणाऱ्यांच्या बाबतीतही असेच होते. तीस-चाळीस मी. उंचीवरील आमर हाती लागण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तोडून पाडलेल्या झाडाच्या फांद्या तपासणे. साहजिकच वनाची पाहणी व वनाचा नाश या दोन गोष्टी त्या काळी एकाच वेळी घडत होत्या.

सिंगापूर वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल कँटली यांनी १८८३ मध्ये वसाहतीच्या जंगलांविषयी अहवाल तयार केला. त्या वेळी बेटाच्या सु. सात टक्के भागावरच वन उरले होते. या अहवालानंतर बुकित तिमासह काही जंगले राखीव करण्यात आली. यानंतरच्या काळात रबराची लागवड, लष्करी तळ, पाणीपुरवठ्याचे तलाव व शहराची वाढ यांमुळे राहिलेले वनही आक्रसत गेले.

प्रारंभीचे संग्राहक : कलकत्ता येथील वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक नथॅनिएल वॉलिच १८२२ मध्ये सिंगापूरला आले. त्यांच्या पुढाकाराने तेथे पहिले वनस्पति-उद्यान सुरू झाले. ते १८२९ मध्ये बंद पडले. त्यांनी जमविलेले नमुने कलकत्ता व लंडन येथे पोहोचले. पुढे यूरोपात आमरांचा छंद वाढला, तेव्हा व्यापारी रोपवाटिकांचे संग्राहक या भागात येऊ लागले. व्हीच या रोपवाटिकेने पाठविलेले टॉमस लॉब १८४३ मध्ये सिंगापूरला पोहोचले. अशा संग्राहकांचा उद्देश विक्रीयोग्य जिवंत रोपे मिळविणे हा असल्याने त्यांच्या नोंदी त्रोटक असत. शिवाय सिंगापूर हे मोठे बंदर असल्यामुळे सुमात्रा, बोर्निओ किंवा मलाया येथील रोपेही तेथूनच जहाजावर चढत आणि त्यांच्या चिठ्ठीवर ‘सिंगापूर’ एवढेच लिहिले जाई. या कारणाने जुन्या याद्यांतील काही जाती खरोखर या बेटावर वाढत होत्या की नाही, याविषयी आजही शंका घेतली जाते.

जोसेफ डाल्टन हूकर यांच्या ब्रिटिश हिंदुस्थानच्या वनस्पतींवरील सात खंडांच्या ग्रंथात (१८७२–९७) मलाया द्वीपकल्पाचाही समावेश होता. सह्याद्रीतील व सिंगापूरमधील आमरांचे वर्णन अशा रीतीने एकाच ग्रंथात आले. आमर-कुलाचा भाग १८९० च्या सुमारास प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून मलायातील संशोधकांना तुलनेसाठी निश्चित आधार मिळाला.

रिडली यांचे कार्य : सिंगापूरच्या आमरांची पद्धतशीर पाहणी हेन्री निकोलस रिडली (१८५५–१९५६) यांनी केली. १८५९ मध्ये स्थापन झालेल्या सध्याच्या वनस्पति-उद्यानाचे प्रमुख म्हणून ते १८८८ मध्ये आले व सु. तेवीस वर्षे त्या पदावर होते. रबराच्या झाडाला इजा न करता त्याचा चीक काढण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली व रबर-लागवडीचा जोरदार पुरस्कार केला. याच लागवडीने पुढे मलायातील विस्तीर्ण जंगल गिळले, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दुसऱ्या कामाचे मोल अधिक जाणवते. मोकळा वेळ मिळताच ते बुकित तिमा, क्रांजी, मांडाई, चांगी इ. ठिकाणी हिंडत, नमुने वाळवीत आणि स्थळ व दिनांक यांसह ते उद्यानाच्या शुष्क वनस्पतिसंग्रहात ठेवीत.

मलाया द्वीपकल्पातील आमरांवरील त्यांचा विस्तृत निबंध १८९६ मध्ये, सिंगापूरच्या वनस्पतींची यादी १९०० मध्ये आणि मलाया द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील पाच खंडांचा ग्रंथ १९२२ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाला. ज्या जंगलांतून त्यांनी नमुने घेतले त्यांपैकी बहुतेक जंगलांच्या जागी आज इमारती, रस्ते वा जलाशय आहेत. तेथे एकेकाळी कोणती आमरे होती, याचा पुरावा म्हणून रिडली यांनी व त्यांच्या समकालीनांनी चिकटवून ठेवलेले हे कागदच राहिले आहेत.

ॲग्नेस जोआकिम या सिंगापूरच्या आर्मेनियन रहिवासी बाईंच्या बागेतील एका आमराचे वर्णन रिडली यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. व्हँडा हूकेरियाना व व्हँडा टेरेस या दोन जातींचा हा संकर ‘व्हँडा मिस जोआकिम’ या नावाने विख्यात झाला व १९८१ मध्ये त्याला सिंगापूरच्या राष्ट्रीय फुलाचा मान मिळाला. संकरित आमरांच्या फुलांचा व्यापारही येथे वाढला. अशा रीतीने आमर हे सिंगापूरची ओळख बनले. परंतु ही ओळख बागेतील आमराची होती. त्याच शतकात रानातील आमरे बहुसंख्येने नाहीशी झाली व त्याची सामान्य नागरिकाला फारशी वार्ताही नव्हती.

कॉर्नर व होल्टम : उद्यानाचे सहायक संचालक ई. जे. एच. कॉर्नर यांनी उंच वृक्षांच्या शेंड्यावरील नमुने मिळविण्यासाठी एक वेगळी युक्ती योजिली. मलायाच्या ईशान्येकडील केलांतान भागात ‘बेरुक’ जातीच्या आखूड शेपटीच्या माकडांना नारळ काढण्याचे शिक्षण देतात. अशी शिकविलेली माकडे कॉर्नर यांनी १९३७ च्या सुमारास वनस्पति-संग्रहासाठी वापरण्यास प्रारंभ केला. लांब दोरीला बांधलेले माकड झाडावर चढून मलाय भाषेतील हुकमाप्रमाणे हवी ती डहाळी तोडून खाली टाकी. झाड न पाडता त्याच्या शेंड्यावर काय आहे हे पाहण्याचा हा एक आरंभीचा प्रयत्न होय.

उद्यानाचे संचालक (१९२५–४९) रिचर्ड एरिक होल्टम यांनी आमरांच्या अभ्यासाला दुहेरी वळण दिले. अमेरिकन संशोधक लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये साखरयुक्त निर्जंतुक माध्यमात, कवकाच्या मदतीशिवाय, आमरांचे बी रुजविता येते असे दाखवून दिले होते. होल्टम यांनी ही पद्धत सिंगापूरमध्ये आणली व संकरित आमरांच्या पैदाशीस चालना दिली. त्याचबरोबर मलायातील वन्य जातींची फेरतपासणीही त्यांनी चालू ठेवली. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेल्यावर होल्टम व कॉर्नर यांना उद्यानातच काम करू देण्यात आले आणि जपानी शास्त्रज्ञांच्या देखरेखीखाली ग्रंथालय व शुष्क वनस्पतिसंग्रह सुरक्षित राहिले. युद्धात हा संग्रह नष्ट झाला असता, तर पुढील सर्व तुलना अशक्य झाली असती. होल्टम यांचा मलायातील आमरांवरील ग्रंथ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला व दीर्घ काळ तो प्रमाण मानला गेला. गुन्नार सायडनफाडेन व जेफ्री वुड यांनी १९९२ मध्ये त्याची सुधारून नव्याने मांडणी केली.

१९९० नंतरची मोजणी : १९५१ च्या कायद्याने बुकित तिमा व मध्य जलसंग्रहण क्षेत्रातील वन यांना निसर्ग-राखीव क्षेत्र म्हणून संरक्षण मिळाले. बुकित तिमा राखीव क्षेत्राचा विस्तार सु. १६३ हे. असून टेकडीची उंचीही सु. १६३ मी. आहे. १९८६ मध्ये पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गामुळे हे वन शेजारच्या मोठ्या वनापासून तुटले. त्यांना जोडणारा, केवळ प्राण्यांसाठी बांधलेला व झाडांनी आच्छादलेला पूल २०१३ मध्ये पूर्ण झाला.

आय. एम. टर्नर व त्यांचे सहकारी यांनी जुने नमुने, याद्या व नवी क्षेत्रपाहणी यांची सांगड घालून १९९४ मध्ये सिंगापूरमधील वाहिनीवंत वनस्पतींचा ताळेबंद मांडला. नोंदलेल्या २,२७७ देशी जातींपैकी ५९४ जाती, म्हणजे सु. २६%, बेटावरून लुप्त झाल्याचे त्यांना आढळले. हा लोप सर्व गटांत सारखा नव्हता. आतील भागातील वनांच्या जातींपैकी सु. २९% नाहीशा झाल्या होत्या, तर अपिवनस्पतींपैकी सु. ६२%. आमरांची हानी याहूनही अधिक होती.

उद्यानाच्याच आवारात सु. चार हे. क्षेत्राचा वर्षावनाचा एक तुकडा शंभर वर्षांहून अधिक काळ जपलेला आहे. तेथून पूर्वी नोंदलेल्या सु. ४५० जातींची फेरतपासणी १९९० नंतरच्या दशकात झाली, तेव्हा त्यांपैकी सु. निम्म्याच शिल्लक असल्याचे दिसून आले. मोठ्या वृक्षांच्या तुलनेत झुडपे, वेली व अपिवनस्पती यांची हानी जास्त होती. या वनखंडावर कोणी कुऱ्हाड चालविली नव्हती. वनस्पतिवैज्ञानिकांच्या नजरेसमोर, कुंपणाच्या आत, हा लोप घडून आला. वनाचा तुकडा राखला म्हणजे त्यातील वनस्पती आपोआप राखल्या जातात, ही समजूत या निष्कर्षाने दूर केली.

पाहणीची पद्धत : वनखंडातील आमरांची पाहणी ही वृक्षगणनेपेक्षा अवघड असते. जमिनीवरील आमरांसाठी ठराविक रुंदीचे पट्टे किंवा चौकोन आखून त्यांतील प्रत्येक रोप मोजतात. अपिवनस्पती आमरांसाठी वृक्ष हेच मोजणीचे एकक धरतात. योहान्सन यांनी १९७४ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील वर्षावनाच्या अभ्यासात वृक्षाचे पाच विभाग कल्पिले : बुंध्याचा तळ, पहिल्या फांदीपर्यंतचे खोड आणि पर्णछत्राचा आतील, मधला व बाहेरील भाग. कोणती जाती कोणत्या विभागात वाढते यावरून तिला लागणारा प्रकाश व ओलावा यांचा अंदाज येतो. निरीक्षक जमिनीवरून दुर्बिणीने पाहतो, दोरांच्या साहाय्याने वर चढतो आणि वादळानंतर पडलेल्या फांद्याही तपासतो.

फुलाशिवाय आमराची जाती निश्चित करणे पुष्कळदा अशक्य असते. पुष्कळ जाती वर्षातून अल्पकाळ फुलतात. काहींचे फूल एकच दिवस टिकते. सिंगापूरमध्ये सर्वत्र आढळणारे कपोत-आमर (डेंड्रोबियम क्रुमेनेटम) याचे उत्तम उदाहरण आहे. जोराच्या पावसाने हवा एकाएकी थंड झाली की त्याच्या थबकलेल्या कळ्या पुन्हा वाढू लागतात व सु. नऊ दिवसांनी परिसरातील सर्व रोपांवरील पांढरी, सुवासिक फुले एकाच सकाळी उमलतात. दुसऱ्या दिवशी ती कोमेजलेली असतात. दहाव्या किंवा अकराव्या दिवशी आलेल्या निरीक्षकाला त्यांतील एकही फूल दिसत नाही. म्हणून एकाच स्थळाची पाहणी निरनिराळ्या ऋतूंत, अनेक वर्षे करावी लागते. न फुललेले रोप ओळखता आले नाही, तर त्याचा लहान भाग रोपवाटिकेत फूल येईपर्यंत वाढवितात. नमुना कागदावर वाळवितात. आमराचे फूल दाबल्याने विरूप होत असल्यामुळे ते मद्यार्कात वेगळे ठेवतात.

या मर्यादांमुळे एखादी जाती ‘लुप्त’ म्हणणे हा नेहमीच तात्पुरता निर्णय असतो. सिंगापूरमध्ये लुप्त मानलेल्या काही जाती नंतरच्या पाहण्यांत पुन्हा सापडल्या आहेत. तथापि अशा जातींची बहुधा मोजकीच रोपे आढळतात. सापडलेल्या जातीचे नाव यादीत परत येते. परंतु तिच्या चार-दोन रोपांना परस्पर-परागणासाठी सोबती नसेल, तर तिचे भवितव्य धोक्यातच राहते.

लोपाची कारणे : वनाचा तुकडा लहान झाला की त्याच्या कडेने ऊन व वारा आत शिरतात आणि हवेतील दमटपणा घटतो. जमिनीतून पाणी घेणाऱ्या वृक्षापेक्षा त्याच्या फांदीवरील आमराला याची झळ आधी लागते. सर्वांत समृद्ध आमर-वसाहती जुन्या, खरखरीत सालीच्या व शेवाळाने आच्छादलेल्या महावृक्षांवर असतात. असे वृक्ष तोडले गेले व नव्याने वाढलेल्या वनात ते तयार होण्यास फार दीर्घ काळ लागतो. कीटकांच्या काही जाती वनाबरोबर नष्ट होतात किंवा मधली मोकळी जागा ओलांडत नाहीत. सिंगापूरमधील गोड्या पाण्याच्या दलदलीची वने व कच्छवने बहुतांशी नष्ट झाल्याने त्यांतील खास जातींना पर्यायी आश्रय उरला नाही. छंद व विक्री यांसाठी रोपे उपटून नेण्याचा उपद्रवही मोठा होता. वन्य प्राणी व वनस्पती यांच्या व्यापाराविषयीच्या १९७३ च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये (अंमल १९७५ पासून) आमर-कुलातील सर्व जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले. परंतु तोपर्यंत सिंगापूरमधील बहुतेक हानी होऊन गेली होती.

टिकलेल्या जातींकडे पाहिले असता हीच कारणे उलट बाजूने स्पष्ट होतात. कपोत-आमर रस्त्यालगतच्या झाडांवरही वाढते. ब्रोम्हेडिया फिनलेसोनियाना हे जमिनीवरील आमर पुन्हा वाढलेल्या विरळ झुडुपी वनात, तर यूलोफिया ग्रामिनिया गवताळ व मोकळ्या जागी आढळते. ऊन व कोरडेपणा सोसणाऱ्या जाती टिकल्या. वनाच्या आतील सावली व ओलावा यांवर जगणाऱ्या जाती गेल्या.

पुनःस्थापना : सिंगापूरच्या उद्यान-विभागाने १९९५ मध्ये देशी आमरांच्या संवर्धनाची योजना हाती घेतली. क्षेत्रपाहणीत सापडलेल्या रोपांची फळे आणून त्यांतील बी नडसन यांच्या पद्धतीने प्रयोगशाळेत रुजवितात. रोपे काही वर्षे वाढवून ती उद्याने, रस्त्यांच्या कडेची झाडे व राखीव वने येथे बसवितात. ज्या तंत्राने बागेतील संकरित आमरांचा व्यवसाय वाढला, तेच तंत्र येथे रान-आमरांच्या कामी आले. आकाराने आमर-कुलात सर्वांत मोठे गणले जाणारे व बेटावरून जवळजवळ नाहीसे झालेले ग्रामॅटोफायलम स्पेसिओसम याची रोपे १९९९ पासून लावण्यात आली. सिंबिडियम फिनलेसोनियानम, सिंबिडियम बायकलर, बल्बोफायलम व्हजायनेटम व बल्बोफायलम मेंब्रेनेशियम या जातींचीही अशीच लागवड झाली आहे. काही ठिकाणी लावलेल्या रोपांना फुले व फळे आली आहेत. तथापि, माणसाने लावलेले रोप जगणे व त्याच्या बीपासून आपोआप दुसरे रोप उगवणे या भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडली तरच ती जाती वनात परतली असे म्हणता येईल. आणि त्यासाठी कवक व परागण करणारे कीटक तेथे असले पाहिजेत. ज्या जातींचे एकही जिवंत रोप बेटावर सापडत नाही, त्या बाहेरून आणून लावाव्यात काय, हा प्रश्नही उपस्थित होतो. कारण शेजारच्या जोहोर प्रांतातील किंवा सुमात्रातील त्याच जातीची रोपे आनुवंशिक दृष्ट्या वेगळी असू शकतात.

महत्त्व : सिंगापूरच्या नोंदींतून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली अशी, की वनखंडातील आमरांचा लोप विलंबाने होतो. जंगल १८८० पर्यंत तुटले. पण उरलेल्या तुकड्यांतील आमरे पुढील शंभर वर्षांत एकेक करून गेली. त्यामुळे आज एखाद्या वनखंडात दिसणारी जातींची संख्या ही तेथे कायम टिकणाऱ्या जातींची संख्या असेलच असे नाही. दुसरी अशी, की लोपाची मोजणी करण्यासाठी प्रारंभीची विश्वसनीय यादी लागते. रिडली यांच्या नमुन्यांशिवाय १९९४ चा ताळेबंद होऊ शकला नसता. आणि आजची पाहणी काळजीपूर्वक केल्याशिवाय पुढील शतकात असा ताळेबंद कोणालाही मांडता येणार नाही.

सह्याद्रीच्या बाबतीत अशी पूर्वपीठिका उपलब्ध आहे. डाल्झेल व गिब्सन यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१८६१), कुक यांचा त्याच विषयावरील बृहद्ग्रंथ (१९०१–०८), ब्लॅटर व मॅकॅन यांनी १९३० नंतरच्या दशकाच्या आरंभी केलेली मुंबई इलाख्यातील आमरांची उजळणी आणि सांतापाव व कापडिया यांचा मुंबईच्या आमरांवरील ग्रंथ (१९६६) यांत स्थळांसह नोंदी आहेत. घाटमाथ्यावरील राया, कोकणातील देवराया व राखीव वनांचे तुटक पट्टे यांत ‘सीतेची वेणी’सारखी आमरे आजही फुलतात. अशा एकेका वनखंडाची फेरपाहणी करून ती जुन्या नोंदींशी पडताळून पाहणे हाच सिंगापूरच्या अनुभवाचा येथे होणारा प्रत्यक्ष उपयोग होय. तेथे हे काम चार-पंचमांश जाती गेल्यानंतर झाले; सह्याद्रीत ते त्याआधी करता येण्यासारखे आहे.